वॉशिंग मशीन वगळून

'कानठळ्या' या बँडची गाणी इतकी लांब का असतात, याबद्दल जाणकार मंडळींनी बरंच काही लिहून ठेवलं होतं. एकाला त्यात शहरी माणसाचा थकवा सापडला होता, दुसऱ्याला काळ नावाच्या संकल्पनेला दिलेलं आव्हान. खरं कारण असं होतं की वॉशिंग मशीन एकदा सुरू केलं की धुणं पुरं होईपर्यंत ते थांबत नसे. सुती कपड्यांवर लावलं तर पाऊण तास, नाजूक कपड्यांवर लावलं तर अर्धा. म्हणून बँडची जोरकस गाणी पाऊण तासाची होती आणि हळुवार गाणी अर्ध्या तासाची.

हे मशीन मिक्सर वाजवायचा. मिक्सर म्हणजे माणूस. पहिल्याच कार्यक्रमात त्याने वाजवायला म्हणून घरचा मिक्सर आणला होता, तो दोन मिनिटांत जळला आणि धूर बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. यंत्र गेलं, नाव मात्र त्याला कायमचं चिकटलं. त्याची आईसुद्धा त्याला मिक्सरच म्हणायची, पण जरा दात ओठ खाऊन, कारण जळालेला मिक्सर तिचा होता.

एरवी तो घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. तिथेच त्याला हे वॉशिंग मशीन मिळालं. ज्यांचं होतं ते नवं घेऊन मोकळे झाले आणि हे न्यायला परत फिरकलेच नाहीत. मिक्सर त्यात दोन डाव, एक कुलूप, लहान मुलाचे बूट आणि बादलीभर पाणी टाकायचा आणि बटण दाबायचा. पाणी कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "पाण्याशिवाय आवाज कोरडा लागतो." बटण दाबल्यावर त्याला करण्यासारखं काही उरत नसे, पण तो मशीनवर एक हात ठेवून, डोळे मिटून पाऊण तास उभा राहायचा. त्या उभं राहण्याचंही कौतुक झालं होतं.

बाकी बँड घरचाच. मिक्सरची ताई गायची. ती बसस्थानकावर घोषणा करायची, दिवसभर लोकांना स्वच्छ आवाजात फलाट सांगायची आणि संध्याकाळी माइकसमोर असं काही किंचाळायची की एक अक्षर कळू नये. दाजी, म्हणजे तिचा नवरा, ड्रम बडवायचे. त्यांची बेकरी होती, आणि कणीक तिंबून तिंबून त्यांचे हात असे झाले होते की ड्रमची कातडी दर महिन्याला फाटायची. गिटारवर गुरुजी. गुरुजी शाळेतले नव्हेत, मोटार शिकवणारे. शिकाऊ माणसाशेजारी बसून आयुष्य गेल्यामुळे त्यांचा उजवा पाय सतत न दिसणारा ब्रेक दाबायचा, आणि तो दाबला गेला की त्यांचं गिटारही आपोआप थांबायचं. म्हणून कानठळ्यांच्या गाण्यांत मध्येच, काही कारण नसताना, सगळं थांबायचं. त्याबद्दलही जाणकारांनी लिहिलं होतं.

खरं सांगायचं तर मिक्सरला सुरातलं काही कळत नव्हतं आणि तालातलं त्याहून कमी. हे त्याला ठाऊक होतं. ताईचं लग्न झालं तेव्हा घर एकदम सुनं सुनं वाटायला लागलं, आणि ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही तरी ताईने ओळखलं असणार, कारण महिन्याभरात तिने फोन करून विचारलं, "बँड काढतेय. येतोस का?" "मला काय वाजवता येतं?" "ते बघू." तेव्हापासून दर रविवारी बेकरीखालच्या कोठारात, पिठाच्या पोत्यांमध्ये तालीम व्हायची. आठवड्यात ताई निवांत भेटायची ती तेवढीच. बाकीच्या दिवशी ती फलाटांवर असायची आणि फोनवर तिचे अंगठे यायचे. मिक्सरला बँड हवा होता तो त्या रविवारसाठी, आणि ते मशीन म्हणजे त्याचं रविवारचं तिकीट होतं.

तर सगळं असं गुण्यागोविंदाने चाललेलं असताना 'पाणीपुरवठा, भाग एक ते अकरा'चा तो कार्यक्रम झाला.

जुन्या व्यायामशाळेचा हॉल होता. नेहमीची मंडळी आली होती, म्हणजे खुर्च्या भरपूर उरल्या होत्या. कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या, आणि तारा गुंडाळता गुंडाळता दाजी खुशीत म्हणाले, "पाणीपुरवठा आज काय जमलं, नाही?"

गुरुजींनी मान वर केली. "पाणीपुरवठा? आपण 'लिफ्टमधला माणूस' वाजवलं ना?"

"लिफ्ट मागच्या वेळी होतं."

"मग मी पाऊण तास काय वाजवत होतो?"

दोघांनी ताईकडे पाहिलं. ताईचा चेहरा उतरला होता. "मी 'मणका' गात होते," ती म्हणाली. "भाग चार विसरले म्हणून दोनदा भाग तीन म्हटला."

मग तिघांनी मिक्सरकडे पाहिलं.

"मी सुतीवर लावलं होतं," मिक्सर म्हणाला.

एवढ्यात एक दाढीवाले गृहस्थ पुढे आले. ते प्रत्येक कार्यक्रमाला यायचे, पहिल्या रांगेत बसायचे आणि मान डोलवायचे. त्यांनी ताईचा हात हातात घेतला आणि गहिवरून सांगितलं, "आज पहिल्यांदा तुम्ही सगळे एकजीव वाटलात."

पुढच्या रविवारी ताई कोठारात आली ती कंबर कसूनच आली. पोत्यावर बसली आणि म्हणाली, "मी स्थानकात 'फलाट चार' म्हटलं की शंभर माणसं उठून चार नंबरला जातात. सामान घेऊन, पोरं काखोटीला मारून जातात. इथे मी इतकी वर्षं घसा फोडतेय, आणि मी भलतंच गाणं गायले तर तुम्हालासुद्धा कळत नाही. माझ्या नवऱ्याला कळत नाही."

"मला वाटलं, नवी चाल आहे," दाजी म्हणाले.

"आता छोटी गाणी. एका गाण्यात एकच गोष्ट. ऐकणाऱ्याला पहिल्या फटक्यात कळली पाहिजे. सांगून झाली की गाणं संपलं."

गुरुजींचा पाय ब्रेकवर गेला. "भाग किती?"

"भाग नाहीत."

"निदान दोन?"

"गुरुजी, बसचे भाग पाडले तर ती कुठे जाईल का?"

गुरुजींना हे पटलं नाही, पण वाहतुकीचं उदाहरण दिलं की त्यांची बोलती बंद व्हायची.

ताईने पहिलं गाणं लिहूनच आणलं होतं. ते आदल्या दिवशी स्वयंपाकघरात सुचलं होतं, दाजींनी लोणी काढून फ्रीज तसाच सताड उघडा टाकला होता त्यावरून. गाणं असं होतं:

फ्रीज कोणी उघडा ठेवला?
लोणी वितळलं, दूध नासलं,
आतला दिवा जळत राहिला,
फ्रीज कोणी उघडा ठेवला?

"आणि पुढे?" गुरुजींनी विचारलं.

"पुढे काय? हेच परत."

घोडं अडलं ते यानंतर. मंडळींनी वाजवायला सुरुवात केली, आणि प्रत्येकाला त्या साधेपणाची मनातून लाज वाटायला लागली. दाजींनी हळूच एक जास्तीचा ठोका घातला. गुरुजींनी मध्ये एक छोटं वळण घेतलं, मग त्या वळणावर आणखी एक. ताईने स्वतःच 'लोणी' हा शब्द चार वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिला. दुपारपर्यंत फ्रीजच्या गाण्याचे पाच भाग झाले होते आणि तिसऱ्या भागाला प्रस्तावना होती.

तेव्हा मिक्सरला आयुष्यात पहिल्यांदा गाण्याबद्दल काहीतरी सुचलं.

"आमच्या दुकानात काय करतात," तो म्हणाला, "एकेक भाग काढून बघतात. काढल्यावर यंत्र चाललं, तर तो भाग नको होता."

"असं करतात?" दाजींनी विचारलं.

"मी करतो." मालक याबद्दल काय म्हणायचे ते त्याने सांगितलं नाही. गिऱ्हाइकं उरलेले स्क्रू हातात घेऊन परत यायची, हेही सांगितलं नाही.

पण ताईचे डोळे चमकले. लगेच सुरुवात झाली. गुरुजींची वळणं काढली, गाणं चाललं. दाजींचा दुसरा ड्रम काढला, चाललं. दाजींची परातीएवढी झांज काढली, नुसतं चाललं नाही, धावलं. ताईने किंचाळणं काढलं आणि घोषणेच्या आवाजात सरळ म्हणून टाकलं, तेव्हा तर वर बेकरीत पाव घ्यायला आलेल्या बाईने जिन्यातून डोकावून विचारलं, "कोणाचा फ्रीज उघडा राहिला?"

कानठळ्यांना श्रोत्याकडून आलेला हा पहिला प्रश्न. ताईला आनंदाने हसावं की रडावं कळेना. तिने येऊन मिक्सरच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "डोकं आहे रे तुला." मिक्सरला आभाळ ठेंगणं झालं. ताईने त्याचं कौतुक केल्याचं त्याला आठवत नव्हतं. धपाटे आठवत होते, पण ते नुसतेच.

मग ते गाणं अखेरचं वाजवायचं ठरलं, सगळं मिळून. मिक्सरने बटण दाबलं, हात ठेवला, डोळे मिटले. गाणं सुरू झालं आणि दीड-दोन मिनिटांत संपलं.

मशीन संपलं नाही. त्याने नुकतं कुठे पाणी घुसळायला घेतलं होतं.

चौघं उभे राहिले. मध्येच निघून जाणं बरं दिसलं नसतं. मशीन घुसळत होतं, आतलं कुलूप खणखणत होतं, डाव आपटत होते. गुरुजींनी गिटार पुसून घेतलं. दाजी वर जाऊन भट्टी बघून आले, येताना सगळ्यांना चहा घेऊन आले, चहा पिऊन झाला. मशीन दुसऱ्या पाण्याला लागलं. ताईने घड्याळ पाहिलं नाही, मिक्सरकडेही पाहिलं नाही, ती पोत्यावर छापलेली गिरणीची जाहिरात वाचत होती. पिळणं सुरू झालं तेव्हा मशीन नेहमीप्रमाणे कोठारभर थोडं चाललं आणि भिंतीला टेकून गपगार झालं.

"छान," दाजी म्हणाले.

मिक्सर ओले बूट बाहेर काढून पिळायला लागला. एकेक भाग काढून बघायची युक्ती कोणाची, तर त्याची. आणि एक भाग अजून काढून बघितलेला नव्हता.

तो आठवडा मिक्सरने दुकानातलं काम बाजूला टाकून मशीनवरच घालवला. ज्या कोणाची इस्त्री दुरुस्तीला आली होती ते ताटकळत बसलं. त्याने मशीनला एक वेगळा खटका बसवला, दाबला की जागच्या जागी बंद. दुकानात दहा वेळा दाबून पाहिला, दहा वेळा बंद झालं. मात्र दुकानात त्याने मशीन रिकामं चालवलं होतं.

रविवारी गाणं सुरू झालं. ताईने शेवटचं 'ठेवला' म्हटलं, दाजींनी शेवटचा ठोका दिला, आणि मिक्सरने रुबाबात खटका दाबला. मशीन खरंच जागच्या जागी थांबलं. दारही खिटी सुटून जागच्या जागी उघडलं. बादलीभर पाणी, कुलूप, डाव आणि लहान मुलाचे बूट फसकन बाहेर आले आणि सरळ दोन पोत्यांखाली शिरले. त्यातल्या एका पोत्याला उंदरांनी खालून भोक पाडलेलं होतं.

पीठ ओलं होताना फारसा आवाज होत नाही. सगळे खाली बघत राहिले. जमिनीवर एक पांढरं डबकं जमलं, ते पसरलं, घट्ट झालं. गुरुजींनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबले. ताईने कपाळाला हात लावला. दाजी मात्र खाली बसले, बाह्या सरसावल्या, आणि कोणी काही म्हणायच्या आत तिंबायला लागले. हात सवयीनेच चालू झाले असावेत. पाण्याचं प्रमाण थोडं कमी आहे, असंही ते म्हणाले. नंतर त्या गोळ्यात एक बूट सापडला.

यानंतर मिक्सरने हातपाय गाळले नाहीत, हे सांगायला हवं. पुढच्या रविवारी तो केस वाळवायचं यंत्र घेऊन आला. त्याच्या आवाजात ताईला आपले शब्द ऐकू येईनात. मग दारावरची घंटा आणली, ती वाजली की वरून बेकरीतला माणूस "आलो" म्हणायचा. मग दाजींनी त्याला खंजिरी दिली आणि सांगितलं, "फक्त माझ्याबरोबर वाजव." मिक्सरने जीव तोडून प्रयत्न केला. पण इतकी वर्षं एकदाच बटण दाबायची सवय. खंजिरी दाजींच्या ठोक्याच्या आधी तरी पडायची नाहीतर नंतर तरी, आणि एकदाच बरोबर पडली तेव्हा दाजी चुकले.

ताई काही बोलत नव्हती. एरवी तोंडावर बोलणारी बाई, पण इथे मूग गिळून बसली. तिने आधी दाजींना पाठवलं. दाजी दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मिक्सर, पाव करताना काही जण पिठात खूप गोष्टी घालतात. बी घालतात, मनुका घालतात." मग बराच वेळ मनुकांबद्दल बोलले. मनुका वाईट नसतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. मनुका आपल्या जागी फार चांगल्या. निघताना त्यांचे डोळे भरून आले होते. ते मिक्सरला एक मनुका घातलेला पाव देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. ते शिकवणीची गाडी घेऊनच आले होते, आत एक घाबरलेली बाई चाक धरून बसली होती. गुरुजींनी खिडकीतून सांगितलं, "हे बघ, गाडीला मागचा आरसा असतो, पुढचा असतो—" तेवढ्यात बाईंनी क्लच सोडला आणि गुरुजी बोलता बोलता पुढे निघून गेले.

मिक्सर काय समजायचं ते समजला होता. समजायला राहिलंच काय होतं? त्याला रडू आलं, आणि दुकानात रडताना बरं दिसत नाही म्हणून त्याने दुरुस्तीला आलेला एक धुळकट पंखा उघडला आणि डोळ्यांत धूळ गेल्यासारखं केलं. ताईचा राग नव्हता आला. उलट तिला हे सांगणं जमत नाहीये, याचंच त्याला वाईट वाटत होतं. लहानपणापासून ती त्याला नको ते सगळं तोंडावर सांगत आली होती. पाहुण्यांसारखं सांभाळून बोलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

संध्याकाळी त्याने स्वतःच फोन लावला. "ताई, शनिवारच्या कार्यक्रमाला मशीन आणत नाही."

पलीकडे फलाटांचा गलका होता. "का रे?"

"गाणं त्याच्याशिवाय चालतं."

मागे कुठली तरी गाडी सुटत होती, तिची घोषणा करायची राहून गेली असावी, कारण कोणी तरी ओरडत होतं. मग ती म्हणाली, "कार्यक्रमाला येशील ना?"

"येईन की."

"नक्की ये."

"येतो म्हटलं ना." पाहुण्यांसारखं बोलून झालं आणि त्याने फोन ठेवला.

शनिवारी तोच व्यायामशाळेचा हॉल होता, पण मिक्सर आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या दाराने आत गेला. खांबाजवळ उभा राहिला. हातांचं काय करावं कळेना. मशीनवर ठेवायची सवय, म्हणून एक हात हवेत तसाच राहायचा, तो त्याने खिशात कोंबला. दाढीवाले गृहस्थ शेजारीच होते. त्यांनी रंगमंचाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खिन्न होऊन म्हणाले, "मशीन काढलं. संपला बँड." मिक्सरला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली.

ताई माइकपाशी आली. तिने गर्दीवर एक नजर फिरवली, कोणाला तरी शोधल्यासारखी. दाजींनी चार मोजले आणि गाणं सुरू झालं.

समोरून ऐकल्यावर मिक्सरला पहिली गोष्ट कळली ती ही, की गाणं चांगलं होतं. फारच चांगलं होतं. शब्द न् शब्द कळत होता. लोक एकमेकांकडे बघून हसत होते. मागच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला कोपर मारत होती. मशीन असतं तर यातलं काही ऐकू आलं नसतं, आणि हे कळून त्याला जितका आनंद झाला तितकंच आत काहीतरी तुटलं.

लोणी वितळलं. दूध नासलं. आतला दिवा जळत राहिला. मग ताईने शेवटची ओळ घेतली, एक पाऊल पुढे आली, आणि भर हॉलमध्ये, खणखणीत आवाजात विचारलं, "फ्रीज कोणी उघडा ठेवला?"

गुरुजींनी बाकीचे सगळे ब्रेक सोडले होते, पण सवय ती सवय. या ओळीनंतर त्यांचा पाय दाबला गेला. गिटार थांबलं, दाजीही बावचळून थांबले. सगळा हॉल चिडीचूप.

"मी नाही!" मिक्सर ओरडला.

ओरडायचं असं काही त्याने ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. हा प्रश्न, याच आवाजात, याच चढ्या पट्टीत, त्याने त्या घरात किती वर्षं ऐकला होता. गाणं दाजींवर लिहिलेलं असेल, पण प्रश्न त्यांच्यापेक्षा जुना होता. दाजी आयुष्यात आले त्याच्या कितीतरी आधी ताई हातात दुधाचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हेच विचारायची, आणि घरात हे विचारण्याजोगा एकच जण होता. तो कुठेही असो, न्हाणीघरात असो, झोपेत असो, त्याचं उत्तर तयार असायचं.

सगळा हॉल वळून बघायला लागला. मिक्सरला वाटलं, जमीन दुभंगावी. त्याने ताईचा एवढा कार्यक्रम नासवला.

ताईने डोळे बारीक करून खांबाकडे पाहिलं. आणि मग ती गाणं वगैरे सगळं विसरली. कमरेवर हात ठेवून, माइकमधूनच, अगदी त्या स्वयंपाकघरातल्यासारखी म्हणाली, "तू नाही, मग कोण?"

"मला काय माहीत?"

"मग काय मी ठेवला?"

"ठेवला असशील!"

हॉलमध्ये हशा फुटला. ताईला हसू आवरेना, माइक तोंडासमोर धरून ती नुसती हसत होती, आणि ते हसू सगळ्या भोंग्यांतून बाहेर पडत होतं. दाजींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी परत चार मोजले. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, आणि या वेळी ताईने प्रश्न विचारला तेव्हा गुरुजींनी ब्रेक मुद्दाम दाबला, आणि सगळ्या हॉलने एका सुरात उत्तर दिलं, "मी नाही!" दाढीवाले गृहस्थ सगळ्यात मोठ्याने ओरडले. ड्रममागे दाजींनी मान खाली घातली होती.

ते गाणं त्या दिवशी पाच वेळा झालं. बँडकडे छोटी गाणी तीनच तयार होती, त्यामुळे नाहीतरी वेळ उरला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. कोठारात नवी पोती यायची होती म्हणून मशीन हलवणं भाग होतं. गुरुजींची शिकवणी होती, दाजी भट्टीपाशी अडकले होते, तेव्हा मशीन उचललं ते ताईने आणि मिक्सरने. तळघराच्या पायऱ्या अरुंद. ताई वरून ओढत होती, मिक्सर खालून ढकलत होता, आणि निम्म्या वाटेत ते दोन भिंतींत असं अडकलं की पुढेही जाईना, मागेही येईना.

"तिरपं कर," ताई म्हणाली.

"तिरपंच आहे."

"दुसरीकडे तिरपं कर. तुला काही म्हणजे काही कळत नाही."

हे ऐकून मिक्सरला इतकं बरं वाटलं की त्याने मशीन खांद्यावर टेकवलं आणि जरा दम घेतला. मग विचारलं, "ताई, दाजी म्हणाले, नवी भित्तिपत्रकं छापायची आहेत."

"हो. सगळ्यांची नावं टाकायची. आवाज, गिटार, ड्रम."

"ते ठीक आहे." त्याने खालूनच विचारलं, मशीनच्या आडून, म्हणजे तोंड दिसायला नको. "माझं नाव टाकणार असलीस तर त्याच्यापुढे काय लिहिणार? मी आता वाजवत तर काही नाही."

मिक्सरला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मशीनच्या कडेला घट्ट धरलेली बोटं दिसत होती.

"धाकटा भाऊ," ताई म्हणाली. "आणि पुढच्या वेळी त्या खांबामागे लपू नकोस, मधोमध उभा राहा. काल मला किती वेळ सापडत नव्हतास."

मिक्सरने मान हलवली, पण ती वर कुठून दिसणार?

"ऐकू आलं का? उचल आता, माझे हात तुटायला आलेत."

त्याने उचललं.